वीटभट्टीपर्यंतची पावलं

पूर्णेला शाळेत लागलो त्या वर्षी माझी ओळख पाटबंधारे खात्यातल्या एका सर्व्हेअरशी झाली. माझ्याच वयाचा, पंचविशीतला. दिवसभर कालव्याच्या मोजणीवर उन्हात हिंडायचा आणि तरी संध्याकाळी पुन्हा चालायला तयार. शाळा सुटली की आम्ही दोघं नदीकाठानं निघायचो. घाटावरून, रेल्वेच्या पुलाखालून, धोब्यांच्या दगडांपाशी थोडं थांबून थेट वीटभट्टीपर्यंत. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला गावाची पाठ: परसदारं, गोठे, वाळत घातलेली लुगडी.

खेळ त्यानंच काढला. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तो नदीकाठी कुठंतरी दडवायचा आणि दुसऱ्यानं चिठ्ठीवरून शोधायचा. चिठ्ठीत होकायंत्राची दिशा आणि पावलं, एवढंच. 'पुलाच्या तिसऱ्या खांबापासून पश्चिमेला एकशे दहा, मग बाभळीकडं बावीस.' डब्यात शंभर पानी वही असायची. सापडला की तारीख घालून वाटेत काय दिसलं ते एका ओळीत लिहायचं, आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. मोराचं पीस, गोटी, बसचं तिकीट, असलंच काही. मी मोजता मोजता बोलायला लागलो की तो ओरडायचा, "मास्तर, पाऊल चुकलं तुझं. जा, खांबापासून परत ये."

चिठ्ठी तो माझ्या दाराखालून सरकवायचा. खोलीत कधी आला नाही. मीही कधी 'आत ये' म्हटलं नाही. तो बौद्ध होता आणि घरमालक जुन्या वळणाचे होते. अडचण मालकांची आहे, असं मी स्वतःला सांगत असे.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आठ दिवसांत सगळीकडून बातम्या यायला लागल्या. बसगाड्या बंद पडल्या. त्याच्या गावची वस्ती जाळली, हे मला शाळेत कळलं. आसपासच्या गावांतली पोरं तिथं होती म्हणे. आमचं गाव तिथून चार मैलांवर. माझा चुलतभाऊ त्या दिवशी कुठं होता, हे मी त्याला अजूनही विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी मालक ओसरीवर आले. म्हणाले, "मास्तर, दिवस लय खराब आलेत. त्या मोजणीवाल्यासंगं दिसू नका. नाहक बेजार व्हाल, आन् आमालाबी कराल."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखाली चिठ्ठी होती. नेहमीसारखीच, दिशा आणि पावलं. शेवट वीटभट्टीच्या भिंतीपाशी होत होता. खाली फक्त एक शब्द जास्त होता: 'आजच.' असल्या दिवसांत याला खेळ कसा सुचतो, असं मी मनाशी म्हटलं. पण ते खरं नव्हतं. हा खेळ नाही हे चिठ्ठी हातात घेतली तेव्हाच मला कळलं होतं. मी ती भूगोलाच्या पुस्तकात ठेवली. संध्याकाळी दिवा लावून, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून घटक चाचणीचे पेपर तपासले. बाहेर पावसाची भुरभुर होती. गल्लीत कुणीतरी थांबल्यासारखं वाटलं. मी मान वर केली नाही.

पाचव्या दिवशी गेलो. पावलं मोजली. डबा भिंतीतल्या एका सुट्या विटेमागं होता. वहीत त्याचं अक्षर:

'आईवडिलांना घेऊन आलोय. भट्टीच्या छपराखाली आहेत. वडिलांना ताप आहे. तुझ्या खोलीत दोघांना दोन-तीन दिवस जागा झाली तर बघ. सातपर्यंत वाट पाहतो. दार वाजवत नाही, तुला अवघड होईल.'

पावसाळ्यात भट्टी बंद असते. छपराखाली कुणी नव्हतं. तीन विटांची चूल, भिजलेली राख आणि जमिनीवर पसरलेलं एक पोतं. पोत्यावर दोन माणसं बसल्याचे खळगे अजून होते. मी त्यांच्याकडं बघत उभा राहिलो. मग वहीत त्याच्या ओळीखाली तारीख घातली, आणि पुढं काही लिहिता आलं नाही.

त्याच्या कार्यालयात चौकशी केली. रजेवर आहे म्हणाले. नंतर कळलं की वडिलांना परभणीच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि दिवाळीच्या आधी ते गेले. त्याची बदली झाली. मला भेटायला तो आला नाही.

नदीकाठी फिरायचं मात्र मी सोडलं नाही. सोडायला हवं होतं. पुलाखालून गेलं की माझ्या मागं कुणीतरी पावलं मोजतंय असं ऐकू यायचं. एक्याण्णव, ब्याण्णव. मी थांबलो की मोजणंही थांबायचं. भट्टीपाशी, ऊन कललं की छपराखाली दोघं बसलेली दिसायची, एक म्हातारा आणि एक म्हातारी. त्यांना मी जन्मात पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांना चेहरे नव्हते. नुसता फेटा आणि नुसता पदर. मी जवळ जायचो. विटा असायच्या.

पुढं ती दोघं भट्टीपुरती राहिली नाहीत. पिंगळीच्या स्टेशनावर बाकावर बसलेली दिसली. चुडाव्याला माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मांडवाच्या कडेला दिसली, पंगत उठली तरी तशीच. बायकोला मी हे सांगितलं नाही. संध्याकाळी फिरून आलो की घरात बोलत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामविस्तार झाला. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्याकडून कळलं की तो सोनपेठला असतो. रविवारी बस धरून गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. दार त्याच्या आईनं उघडलं. ठेंगणी बाई, कपाळावर गोंदण, एका डोळ्यात मोतीबिंदू. तो बाजारात गेला होता.

"मी पूर्णेहून आलो. शाळेत मास्तर आहे."

"तुमीच का ते? या, आत या की."

मी बसलो. तिनं पाणी दिलं. मी ते हातात धरूनच म्हणालो, "आई, त्या वर्षी तुम्ही भट्टीत होता. मला चिठ्ठी मिळाली होती. मी..."

"लेक म्हणला, मास्तर गावाला गेलेत."

ती मला वाट करून देत होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"गेलो नव्हतो. खोलीतच होतो."

"ठाऊक हाय." ती खाली बसली. "म्या आले होते त्याच्यासंगं गल्लीच्या तोंडापातूर. तुमचा दिवा दिसायला होता. तुमी मान खाली घालून कायतरी लिहायला होता. लेक म्हणला, चल आई, मास्तर गावाला गेलेत. म्या म्हणले, हो बाबा, चल." तिनं पदरानं चांगला डोळा पुसला. "त्याला सांगू नका, मला दिसलं होतं म्हणून. त्याला वाटतंय आईला न्हाई कळलं."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हातातलं पाणी मी पिऊन टाकलं.

तो भाजीची पिशवी घेऊन आला. दारात क्षणभर थबकला, मग म्हणाला, "मास्तर, केस पांढरे झाले की तुझे." आम्ही चहा घेतला. त्यानं माझ्या शाळेचं विचारलं, मी त्याच्या कालव्याचं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. त्या दिवसाबद्दल तिघांपैकी कुणीच बोललं नाही. चारच्या बसनं मी परत आलो.

पुढच्या वर्षी आई गेली. पुण्यानुमोदनाचं कार्ड पोस्टानं आलं, पत्ता त्याच्या अक्षरात. मी गेलो. मांडवात मागं बसलो, वंदना झाली, मीही हात जोडले. जेवताना त्याची धाकटी मुलगी वाढायला आली. मला ओळखत नव्हती.

"काका, तुम्ही आमच्या बाबांचे कोण?"

"आम्ही पूर्णेला संध्याकाळी एकत्र फिरायचो," मी म्हणालो.

"हो का?" ती म्हणाली. "बाबा तर कधीच फिरायला जात नाहीत." आणि तिनं माझ्या ताटात भात वाढला.