काच धरणारी

काचवाल्याच्या बायकोला गल्लीत सगळे काचवालीण म्हणायचे आणि तिची या नावाला हरकत नव्हती. अर्धा धंदा तिच्याच हातांवर चालायचा. नवरा दुकानात काच कापायचा, आणि पोचवायची वेळ आली की ती मोटरसायकलवर मागे बसून दोघांच्या मधे काच उभी धरायची. हातांत जुन्या पडद्याच्या कापडाचे मोजे, काचेच्या पलीकडे त्याच्या पाठीला टेकवलेली गोधडी. गोधडीच्या वर त्याची मान दिसायची, सदऱ्याची उसवलेली कॉलर दिसायची. नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याची मानच तिच्या जास्त ओळखीची होती.

मागचा ब्रेक ढिला पडलाय हे म्हणूनच तिला लवकर कळलं. काच नेताना काचवाला पायानंच ब्रेक लावायचा. हळूहळू दाबायचा, गाडी अलगद थांबायची. आताशा मात्र थांबताना काच पुढे झेपावून त्याच्या पाठीवर रेलायला लागली होती. म्हणजे हा हातानं पुढचा ब्रेक दाबतोय.

"अहो, मागचा ब्रेक लागत नाही का?" तिनं विचारलं.

"लागतो की. पाय जरा खाली जातो, एवढंच."

हे ‘जरा’ रोज थोडं वाढत गेलं. दर आठवड्याला तो पाना घेऊन मागच्या चाकाशी उकिडवा बसायचा, ब्रेकच्या दांडीवरचा नट दोन आटे आवळायचा आणि हात झटकून उठायचा. दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गॅरेज रस्त्यातच होतं, पण तिथं गाडी दिवसभर अडकते हे त्याचं ठरलेलं उत्तर. दुखणं अंगावर काढायची त्याची सवय जुनीच. दाढ ठणकत असताना गालाला फडकं बांधून काच कापणारा माणूस तो. सासूबाई म्हणायच्या, "याचे वडीलही असेच. छप्पर गळायला लागलं की नवी बादली आणायचे."

काचवालीण आणखी दोनदा बोलली, मग गप्प बसली. तोंडाची वाफ कशाला दवडा.

एका दुपारी केशकर्तनालयात आरसा पोचवायचा होता, चांगला कमरेइतका उंच. आरशाची पाठ गोधडीकडे, तोंड तिच्याकडे. त्यामुळे पुढचं तिला काहीच दिसेना. समोर स्वतःचा घामेजला चेहरा आणि खांद्यावरून मागचा सगळा रस्ता. उतार लागला. गाडीनं वेग घेतला, तो कमी होईना. पेडल खाली टेकल्याचा ठक्क आवाज तिला ऐकू आला. एकदा, मग लगेच पुन्हा. आरशात मागून येणारा टेम्पो मोठा मोठा होत चालला होता.

"पुढचा दाबू नका," ती म्हणाली. "टेम्पो अगदी मागे आहे."

काचवाल्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घातली. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीसमोर वाळूचा ढीग होता, त्यात चाक रुतलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. टेम्पो हॉर्न वाजवत निघून गेला. आरशाची वरची कड काचवाल्याच्या हेल्मेटवर आपटली आणि एका कोपऱ्यातून तडा सरसरत खाली आला. दोघांपैकी कुणाला खरचटलंही नाही.

तिनं आरसा वाळूला टेकवून ठेवला. तडा कुठवर गेलाय ते ती पाहत बसली. काचवाल्यानं मात्र डिकीतून पाना काढला आणि मागच्या चाकाशी बसला.

"आता काय आवळताय?" ती म्हणाली. "आटेच संपलेत."

त्यानं पाहिलं. नट दांडीवर शेवटपर्यंत जाऊन टेकला होता. त्यानं पाना परत डिकीत टाकला.

"किल्ली द्या. तुम्ही मागे बसा, आरसा धरा."

"तुला येते?"

"माहेरी दादाची चालवायचे. सकाळी दूध घालायला मीच जायचे."

काचवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग किल्लीकडे. "कधी बोलली नाहीस."

"बोलून काय? काच कोण धरणार होतं?"

त्यानं मोजे घातले; ते त्याला तोकडे पडले. तिनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि इंजिनच्याच जोरावर रोखून धरत, कडेकडेनं, चालत्या माणसाच्या वेगानं उतार उतरवला. मागून सारखा आवाज येत होता, "हळू. अगं, खड्डा. हळू." तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

गॅरेजवाल्यानं चाक खोललं. आतल्या पट्ट्या झिजून नुसता पत्रा उरला होता आणि त्या पत्र्यानं ड्रमला चरे पाडले होते. "वहिनी, हे कुणी आवळत आणलं इथपर्यंत?" त्यानं विचारलं. काचवाला हेल्मेटवरचा चरा बोटानं घासत बसला. नव्या पट्ट्या बसल्या, ड्रम बदलावा लागला, आणि गाडी खरोखरच दिवसभर अडकली.

केशकर्तनालयात दुसरा आरसा गेला. तो नेताना गाडी कोणी चालवायची यावर घरात बोलणं झालं नाही. काचवाला आपणहून मागे बसला. त्याचे हात लांब, काच त्याला जास्त चांगली पेलायची, हे दोघांनाही तेव्हाच कळलं. गल्लीतले लोक थोडे दिवस हसले, मग त्यांनाही त्याचा कंटाळा आला. मागे बसल्यावर काचवाला फार बोलायचा. ती हूं हूं म्हणायची आणि लक्ष रस्त्यावर ठेवायची.

सासूबाई जन्मात कधी मोटरसायकलवर बसल्या नव्हत्या. एका दुपारी काचवाला झोपलेला असताना त्या चप्पल घालून दारात आल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, मला बहिणीकडे सोड. त्याला उठवू नकोस."