स्टेबल म्हणजे येऊ की नको?

मंडळी, सकाळपासून एकच शब्द ऐकतोय. स्टेबल.

आमची ही चार दिवस इस्पितळात आहे, अजून डोळे उघडत नाही. डॉक्टरना विचारलं, बरी होणार काय? म्हणाले, "काका, स्टेबल आहे." नर्सबाई म्हणाली, स्टेबल म्हणजे काल होती तशीच. बाजूची खाट रिकामी झालेली. तिथल्या बाईचा घोव सामान भरता भरता म्हणाला, "आमचीही काल स्टेबलच होती."

म्हटलं, देवाला विचारूया. पेडण्यात भावाने कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली की होय, डावीकडे की नाही, सरळ हिशेब. गुरवाने तासभर गाऱ्हाणं घातलं. पाकळी हललीच नाही.

दुपारी दुबईहून मुलीचा फोन. नोकरी नवीन, वर्षात एकदाच रजा. "बाबा, आता येऊ की मागाहून?"

ये म्हणवेना, नको म्हणवेना. म्हटलं, "बाय, स्टेबल आसा."

"म्हणजे बरी ना, बाबा?"

मी म्हटलं, रेंज नाही, आणि फोन ठेवला.

तुम्ही काय सांगितलं असतं? लवकर लिहा. ती आठ वाजता परत फोन करणार आहे.