मुरुडच्या ताई

आमच्या श्रीवर्धनच्या घरात वाळलेली सुपारी सोलायला दोघं समोरासमोर बसतात. मध्ये ढीग, हात कामात गुंतलेले, म्हणून तोंड मोकळं. लग्न झाल्यापासून मी आणि हे असेच बसत आलोय. बोलायचं काम माझ्याकडे. हे "हं" म्हणतात. स्वभावच तसा आहे, असं मी आल्यागेल्याला सांगायचे.

गेल्या वर्षी हे मोबाइलवरच्या बागायतदारांच्या ग्रुपात शिरले. एकदा फोन ओटीवर विसरून सुपारीच्या वाडीत गेले, तेव्हा मी तो उघडून वाचला. हो, वाचला. माझा मुखदुर्बळ नवरा तिथे लांबच लांब लिहीत होता. कुणाची थट्टा, कुणाला धीर, कुणाला खताचा सल्ला. आणि वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या त्याबद्दल लिहिलं होतं, 'त्या सकाळी विहिरीमागे जाऊन रडलो. घरात कळू दिलं नाही.' खाली कितीतरी अनोळखी लोकांनी हात जोडले होते.

घरात म्हणजे मला. लेक तेव्हाही पनवेललाच होती, दुसरं होतं कोण?

माझा नुसता जळफळाट झाला. एखाद्या बाईचं प्रकरण असतं तर तिच्या दारात जाऊन भांडले असते. इथे कुणाशी भांडू? त्या हात जोडणाऱ्या प्रत्येकाचा मला हेवा वाटत होता. रडणं माझ्या नवऱ्याचं, घडलं माझ्या विहिरीमागे, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक.

लेकीचा जुना फोन घरात पडून होता, त्यातला ह्यांना ठाऊक नसलेला नंबर चालू होता. ग्रुपात यायची लिंक ह्यांनीच नातेवाइकांत वाटली होती. मी नारळाचं चित्र लावलं, मुरुडची बागायतदार म्हणून आत शिरले आणि ह्यांना वेगळा मेसेज केला, 'वादळाचं वाचलं. हे सगळं तुम्ही घरी बोलता का?'

हे ओटीवर, मी स्वयंपाकघरात. ह्यांनी चष्मा लावलेला मला दारातून दिसला. उत्तर यायला बराच वेळ लागला, पण आलं ते सविस्तर.

'ताई, आमची ही मनाने फार चांगली. पण माझं वाक्य माझ्याआधी तीच पुरं करते. मग मी सोडून देतो. इथे कसं, शेवटपर्यंत लिहिता येतं.'

मला राग आला, आणि तो ताईंचा आला. ताई म्हणजे मीच, हे कळत होतं, तरी आला. इतक्या मऊपणाने हे माझ्याशी कधी बोलले होते? तरी मी ताईंच्या नावाने लिहिलं, 'एकदा घरी बोलून तर बघा.'

दुसऱ्या दिवशी सोलायला बसलो. मी ठरवूनच गप्प. अर्धा ढीग झाला तसं ह्यांनी वर पाहिलं.

"बरं नाही का गो तुला?"

"बरी आहे."

शेजारणीच्या सुनेची ताजी बातमी माझ्या ओठांवर आली होती, ती गिळली. मग ह्यांचा हात थांबला. घसा खाकरून म्हणाले, "वादळानंतर आपण नवी रोपं लावली ना, तेव्हा मला वाटलं होतं..."

"जगायची नाहीत म्हणून," मी म्हटलं.

बोलून गेले. तोंडातून निघालेलं परत घेता येत नाही. ताईंचं बरं होतं, लिहिलेलं निदान पुसता तरी आलं असतं.

"हं," हे म्हणाले आणि पुढची सुपारी उचलली. मी, "तसं नव्हे, सांगा ना, काय वाटलं होतं?" असं दोनदा विचारलं. "काही नाही, तेच," म्हणाले.

रोपं लावताना ह्यांना काय वाटलं होतं, ते त्याच संध्याकाळी सगळं कळलं. मुरुडच्या ताईंना.