उरलेली पट्टी

आईच्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीला रिसेप्टर होते, म्हणजे ती शरीरातल्या हार्मोनवर वाढायची, म्हणून ऑपरेशननंतर चार वर्षं ती रोज जेवणावर हार्मोन अडवणारी एक गोळी घ्यायची. "ही पीडा कधी सुटंल गं?" हे रोजचंच.

मग लिव्हरमध्ये गाठी निघाल्या. आईला आम्ही सूज आहे म्हणून सांगितलं. त्यातला तुकडा तपासला, तर या गाठींना रिसेप्टरच नव्हते. डॉक्टर मला एकटीला म्हणाले, "गोळीचा आता उपयोग नाही, बंद करा. केमो त्यांना झेपणार नाही. रिसेप्टर असते तर वर्षांचं बोललो असतो." महिने किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आई बाहेर बाकावर बसली होती. "काय म्हणले?"

"गोळी बंद करायला सांगितलीय."

"व्हय?" म्हणत ती उठलीच. गोळी सुटली म्हणजे दुखणं सुटलं, एवढं तिला पुरे होतं. तिथूनच पिशोरच्या मावशीला फोन. मग खुशीत मला गुलमंडीच्या बाजारात नेऊन तिनं मावशीसाठी साडी काढायला लावली. मी रडायचं सोडून हिरवी बरी की जांभळी ते बघत होते. हिरवी घेतली.

घरी आल्यावर उरलेली पट्टी तिनं माझ्या हातात दिली. "फेकू नको. लई महाग असती. एखाद्या बाईला लागू पडंल."

मी कुणाला दिली नाही. परवा कपाटात सापडली, तेव्हा उलटून पाहिली. आईला जाऊन आठ महिने झाले. गोळ्यांची मुदत अजून संपलेली नाही.