बसूनं पाणी घेतलं तेव्हा

भांडी घासत होते, तेव्हा फोन आला. माकणीच्या रस्त्यावर बाभळीखाली मोटारसायकल नीट स्टँडला लावलेली आणि बाजूला माझा धाकटा भाऊ बसवराज, आमचा बसू, पडलेला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ऊन लागलं म्हणाले. गाडी घरी आणली तेव्हा हँडलच्या पिशवीत पाण्याची बाटली होती... काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट. महिना होऊन गेला, त्या बाटलीचा राग अजून जात नाही.

बसू पुण्यात एका कंपनीत वायरमन होता. वडील गेल्यावर आई लोहाऱ्यात एकटी पडली, तेव्हा नोकरी सोडून आला आणि स्वतः लायटीची कामं घेतो म्हणाला. त्याच्या बायकोनं, सुनंदानं, स्पष्ट सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक लागलं नाही, तर परत पुणं. तिचंही काय चुकलं? पोटुशी होती बिचारी.

सुरुवात त्यानं माझ्या सासरी, सास्तूरला केली. भूकंपानंतर बांधलेली आमची घरं, आतल्या वायरीही तेव्हाच्याच. काम आयतं पडलेलं. इस्त्रीचा शर्ट घालून हा दारोदार फिरायचा, अर्थिंग तपासून देतो म्हणायचा आणि हात हलवत परत यायचा. माणूस गोड, कामाला चोख, मग घोडं अडलंय कुठं? शेवटी शेजारच्या शांताआजींनीच मला वाटेत गाठलं.

"तुझ्या भावाला आमच्या घरचं पाणी चालंना व्हय गं? दोनदा तांब्या पुढं केला, दोनदा नको म्हणला."

घरी येऊन त्याला असा फैलावर घेतला! तर हा शहाणा म्हणतो, कंपनीत शिकवलंय, गिऱ्हाइकाच्या घरी काही घ्यायचं नाही. अरे, दारात आलेल्यानं पाणी नाकारलं तर माणसाच्या काळजाला लागतं, हे इथंच वाढलेल्या पोराला सांगावं लागतं? खाली बघत म्हणाला, "अक्का, पाणी पिलं अन् काम न्हाय मिळालं, तर परत त्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?" कंपनीबिंपनी नुसतं नाव होतं. गडी भ्याला होता.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला आजींकडं नेलं. गुळाचा खडा खाल्ला, वर तांब्याभर पाणी घटाघटा प्याला. आजींनी आमच्या आईची, सुनंदाची चौकशी केली, कामाचा चकार शब्द नाही. आम्ही उठलो, तेव्हा म्हणाल्या, ते काय अर्थिंग म्हणतोस ते कधी करतोस? पहिलं काम ते. न्हाणीमागं खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, पाइप उभा केला आणि बजावलं की उन्हाळ्यात यात पाणी ओतत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग कुचकामी.

मग दर उन्हाळ्यात स्वतःच फेरी मारायचा. खड्ड्यात पाणी ओतायचा, ओट्यावर पाणी प्यायचा, आणि गप्पांत कुणीतरी आपल्या जावयाच्या नव्या घराचं नाव काढायचं. त्या पहिल्या दिवाळीपर्यंतच आमच्या गल्लीची कामं झाली होती, पुढं गावाची. सुनंदानं पुण्याची खोली सोडली. मला चिडवायचा, "नव्या दारात तहानलेलंच जावं अक्का, मग पाणी मनापासनं पिता येतं."

त्या दिवशी माकणीत नव्याच गिऱ्हाइकाकडं पहिल्यांदा चालला होता. त्यांच्या घरचं पाणी प्यायचं म्हणून तहान राखून ठेवली होती का रे बसू? की चक्कर आली आणि बाटलीपर्यंत हातच गेला नाही? मीच पाणी प्यायला शिकवलं आणि मलाच हे कळू नये... कुणाला विचारू?

ऊन अजून उतरलेलं नाही. काल संध्याकाळी शांताआजी न्हाणीमागं त्या पाइपात पाणी ओतत होत्या. मला बघून थांबल्या. रिकामा तांब्या घेऊन आत गेल्या, धुऊन माठातलं पाणी भरून आणला आणि माझ्यापुढं धरला. मला तहान नव्हती. तरी सगळा प्याले.