स्पूलवरचा आवाज
स्पिरिटचा वास आला की भाईंदर पश्चिमेचं माझं रिपेअरिंगचं दुकान आठवतं. नव्वद सालच्या आसपास एक कोळीण स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन आली. समुद्रात बुडालेल्या तिच्या मुलाची चार वाक्यं टेपवर होती. मी स्पिरिटने मशीनचं हेड पुसलं, बेल्ट बदलला आणि तिचीच टेप लावलेली असताना माइकमध्ये बोलून रेकॉर्डिंग तपासलं, "हॅलो, ऐकू येतंय का?" मुलाचं बोलणं पुसलं गेलं. संध्याकाळी तिने टेप ऐकली. "येतंय रं पोरा," ती मशीनला म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "आवाज बदललाय त्याचा." "टेप जुनी झाली की बदलतो, मावशी." तिने मान डोलावली, मशीन डोक्यावर घेतलं. तिच्या घरात मग वर्षानुवर्षं मीच बोलत राहिलो असेन.