घट्ट काज

माझ्या मावशीला माझ्या आईचं काहीच पाहवत नसे. आईने नवी चप्पल घेतली की मावशीच्या पोटात दुखायचं. आई पेपर घेऊन खिडकीत बसली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "वाच बाई, वाच! आम्ही आहोतच भांडी घासायला," म्हणत ती पातेली अशी आपटायची की शेजारी डोकावून जायचे. ती आमच्याकडेच राहायची, त्यामुळे हे रोजचंच होतं.

मला तिचा भयंकर राग यायचा. पण तिचं दुखणं जुनं होतं. आठव्या वर्षी तिला शिंप्याच्या दुकानात काज करायला बसवलं. आजोबा म्हणाले, "मोठी हाताशी आलीय, धाकटीला तरी शिकू दे." धाकटी म्हणजे माझी आई. झालं! एकीच्या हातात दप्तर, दुसरीच्या हातात सुई. मशीनच्या मागे, चिंध्यांच्या ढिगाशेजारी मावशी मान वाकवून बसायची. ती मान पुन्हा कधी सरळ झाली नाही, आणि ऐन तरुणपणी डोळे अधू झाले. दुकान शाळेसमोरच, आणि मुख्य काम गणवेशांचं. अख्ख्या शाळेचे शर्ट हिच्या हातून जायचे, ही मात्र एकदाही फाटकातून आत गेली नाही. जळफळाट होणार नाही तर काय होईल?

"तुझ्या आईचे काज मी मुद्दाम घट्ट ठेवायचे," हे तिनेच मला भाजी निवडताना सांगितलं, जरासुद्धा न लाजता. "रोज सकाळी बटणांशी झटापट. रोज उशीर. मग वर्गाबाहेर उभी! मान वर केली की मला दुकानातून दिसायची."

"मग बरं वाटायचं?"

"खूप."

आई शेजारीच होती. "मला वाटायचं, माझीच बोटं जाड आहेत," एवढंच ती म्हणाली.

मी पाचवीत होते तेव्हा बाबांचं काम सुटलं. मावशी अजून त्याच दुकानात काज करायची; मलाही तिथेच बसवायचं ठरलं, तात्पुरतं म्हणून. आई भांडली, रडली. मला तर मावशीच्या चेहऱ्यावर समाधानच दिसलं. आली ना शिकलेलीची पोर चिंध्यांत!

मग मीही हट्टाला पेटले. हिच्यापेक्षा चांगलं करून दाखवायचंच. संध्याकाळी शिंप्याने माझा काज उजेडात धरला. "वा! मावशीपेक्षा हात साफ आहे पोरीचा. रोज येत जा गं." मी फुलून गेले. मावशीचं तोंड एवढंसं झालं. तिने शर्ट ओढून घेतला, चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि ब्लेडने माझे सगळे टाके उसवून टाकले.

"कसला साफ? धागा बघा किती सैल! ही इथे बसली तर मी उठले."

शिंपी हसला. "भाचीवर जळतेस होय गं?"

"जळते. काय म्हणणं आहे?"

इतक्या वर्षांचं जुनं माणूस शिंप्याला सोडवेना. त्याने मलाच घरी पाठवलं. रस्ताभर मी रडले, मावशीला मनातल्या मनात नको नको ते बोलले. बाबा म्हणाले, "दुसऱ्या दुकानात विचारू."

"विचारा की," मावशी म्हणाली. "सगळे शिंपी माझ्या ओळखीचे आहेत. हिचा हात वाकडा आहे म्हणून सांगेन एकेकाला. आणि तुमची चूल पेटायची काळजी असेल, तर जास्तीचे काज मी घरी आणते. पण ही माझ्या शेजारी नको."

बाबांनी तो विषय सोडला. माझी शाळा वाचली, तरी माझा राग जाईना. माझं कौतुक तिला सोसलं नाही, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी गणवेश चढवला. बोट लावायचा अवकाश, पहिलं बटण आपोआप आत सरकलं. मग दुसरं. खाली वाकून पाहिलं, तर सगळे काज उसवून, मोठे करून, नव्याने शिवलेले.

मावशी पाठमोरी भांडी घासत होती.

"आता उशीर झाला तर सबब चालायची नाही," ती म्हणाली. "जा. बस जा बाकावर राणीसारखी!"

आणि पातेलं असं आपटलं की शेजारी डोकावून गेले.